वॉशिंग्टन: एका खेड्याचं आडनाव आणि त्याचा प्रवास

उत्तरवारा | धागाकर्ता

मागच्या आठवड्यात आडनावांच्या धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलं होतं की गावावरून आडनाव लावणं ही आपली खासियत, इंग्रजांकडे सगळे स्मिथ, टेलर, कुक, म्हणजे धंद्यावरून. तिथे वाद घालण्यापेक्षा वेगळा धागा काढतोय. आणि उदाहरण असं घेतो की जगात कुणालाही सांगावं लागू नये: वॉशिंग्टन.

हे मूळचं एका खेड्याचं नाव. इंग्लंडच्या ईशान्येला, विअर नदीच्या उत्तरेला, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात. आता ते संडरलंड शहराच्या हद्दीत येतं. मी इथून जवळच राहतो, त्यामुळे विषय जरा जिव्हाळ्याचा. वासा किंवा ह्वासा नावाचा कुणी सॅक्सन असामी, मधलं 'इंग' म्हणजे त्याची मंडळी आणि शेवटचं 'टन' म्हणजे त्यांची वस्ती. अशा नावांची गावं इंग्लंडात पैशाला पासरी आहेत.

आता आडनावाची गोष्ट. इंग्लंड जिंकून राजा झालेल्या नॉर्मन विल्यमने १०८६ मध्ये देशभर जमिनीची जी प्रसिद्ध मोजदाद करवली, तिच्यात डरहॅम नाही. इथला बिशप म्हणजे धर्मगुरू कमी आणि मांडलिक राजा जास्त. त्याची स्वतःची कचेरी, स्वतःचा न्याय, स्वतःचं शिकारीचं रान. बिशप ह्यू द प्विसे याने ११८३ मध्ये आपल्या मुलखाची स्वतंत्र जमाबंदी करून घेतली. तिला बोल्डन बुक म्हणतात. त्यात एक नोंद अशी आहे की विल्यम द हर्टबर्न या सरदाराने हर्टबर्न गावावरचा हक्क सोडला आणि बदल्यात वेसिंग्टन, म्हणजे आपलं वॉशिंग्टन, गाव घेतलं. तिथलं चर्च आणि चर्चची जमीन मात्र सौद्यात नाही. सारा वर्षाला ४ पौंड. शिवाय बिशपची मोठी शिकार निघेल तेव्हा ४ ग्रेहाउंड कुत्री घेऊन हजर राहायचं.

हर्टबर्न म्हणजे दक्षिणेला स्टॉकटनजवळचं गाव. ते सोडून विल्यमराव वेसिंग्टनला आले आणि 'द हर्टबर्न'चे 'द वेसिंग्टन' झाले. माणूस तोच, बाप तोच, गाव बदललं म्हणून आडनाव बदललं. पुढे जे नाव एका देशाच्या राजधानीला, एका राज्याला आणि हजारो रस्त्यांना लागलं, ते या अदलाबदलीतून आलंय. हा सौदा फिसकटला असता तर अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज हार्टबर्न म्हणून शपथ घेता.

शंकाखोर

धागा रोचक आहे, पण तुलना पटत नाही. आपल्याकडे 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर. होळ गावात राहणाऱ्याला होळचेच लोक होळकर कशाला म्हणतील? तिथे तो कुणाचा तरी पोरगा, नाहीतर पाटील नाहीतर धनगर. बाहेर पडला, चार परक्या लोकांत गेला की मग 'हा कुठला?' 'होळचा.' तुमचा विल्यम उलट गावात शिरला आणि त्या गावाचं नाव घेतलं. ही मालकी झाली, ओळख नाही.

उत्तरवारा

मुद्दा बरोबर पकडलात. इंग्लंडात दोन्ही प्रकार आहेत. नॉर्मन सरदारांचं 'द अमुकतमुक' म्हणजे ते गाव माझ्या ताब्यात आहे, एवढंच सांगणं. सुरुवातीला ते आडनाव नव्हतंच, जमीन गेली की नावही गेलं. थोरल्याला एक गाव, धाकट्याला दुसरं, की सख्ख्या भावांची नावं वेगळी.

साध्या माणसांचं मात्र अगदी आपल्यासारखं. बार्टन सोडून यॉर्कला आलेला चांभार तो यॉर्कमध्ये बार्टन. साधारण १३ व्या-१४ व्या शतकात ही नावं घट्ट होत गेली, बापाची मुलाला लागायला लागली. कारणं बरीच आहेत: जमिनीचे दस्त, वारसाहक्क, कोर्टकचेऱ्या. १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीनदा माणशी डोईपट्टी बसवली गेली, तिच्या याद्या आज आडनावांच्या अभ्यासकांची मोठी ठेव आहे. पंधराव्या शतकापर्यंत मधला 'द' बहुतेक ठिकाणी गळून पडला आणि मालक कोण, पाहुणा कोण, हे नावावरून कळेनासं झालं.

पंतोजी

थोडक्यात, कर भरायला लागला म्हणून 'कर' लागला. 😀

खडकवासला_२

@पंतोजी, दंडवत.

गंभीरपणे: मालकीवरून नाव घ्यायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा, भोकरदन तालुका. शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. वेलस्ली हे सॉमरसेटमधल्या वेल्सजवळच्या एका ठिकाणाचं नाव. पण आर्थरचं घराणं मुळात कॉली! त्याच्या आजोबांना, रिचर्ड कॉलींना, १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या निपुत्रिक नातलगाची आयर्लंडमधली जमीनजुमला मिळाली आणि त्याबरोबर त्यांनी वेस्ली हे नावही घेतलं. थोरल्या भावाला ते फारच साधं वाटलं असावं, म्हणून त्याने जुनं भारदस्त रूप 'वेलस्ली' परत आणलं, आणि १७९८ मध्ये आर्थरनेही ते घेतलं. म्हणजे असईच्या लढाईच्या वेळी आर्थरचं हे स्पेलिंग जेमतेम पाच वर्षांचं.

पुढे १८०९ मध्ये उमराव केलं तेव्हा आर्थर स्पेनमध्ये लढत होता. किताब निवडायचं काम इंग्लंडातल्या भावावर आलं. भावाने नकाशात वेलस्लीच्या जवळपास जाणारं नाव शोधलं, सॉमरसेटमध्येच वेलिंग्टन नावाचं गाव सापडलं, झाला वेलिंग्टन. आपण मुंबईत ज्याच्या नावाचं कारंजं बघतो त्या नावामागे एवढीच वंशावळ.

माळावरची

धागा वाचायला मजा येतेय. पण ११८३ चा विल्यम आणि १७३२ ला व्हर्जिनियात जन्मलेला जॉर्ज यांच्यात साडेपाचशे वर्षं आहेत. मधली कडी पक्की आहे का, की नाव सारखं म्हणून जोडलंय? आमच्याकडे दर दुसरं घर थेट कुठल्या तरी सरदाराशी नातं लावतं, म्हणून विचारते.

उत्तरवारा

खुद्द जॉर्जलाही फारसं माहीत नव्हतं! १७९१ मध्ये लंडनच्या कुलचिन्हांच्या कचेरीचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी अध्यक्षसाहेबांना पत्र पाठवून घराण्याची माहिती विचारली. मे १७९२ मध्ये उत्तर गेलं, त्याचा आशय असा: या विषयाकडे मी फार कमी लक्ष दिलंय, आमचा मूळपुरुष इंग्लंडच्या उत्तरेतल्या कुठल्या तरी परगण्यातून आला असं ऐकून आहे, लँकशर, यॉर्कशर की त्याहून वरचा, नक्की आठवत नाही. कामाचा माणूस.

नंतर लोकांनी कागद धुंडाळून जी साखळी लावली ती अशी. वेसिंग्टन गाव थोरल्या शाखेकडे होतं. १४ व्या शतकाच्या अखेरीस त्या शाखेत मुलगा उरला नाही, मुलीच्या लग्नाबरोबर गाव टेम्पेस्ट घराण्यात गेलं. हात बदलत बदलत १६१३ मध्ये ते विकलं गेलं. घेणारा कोण? डरहॅमचा बिशप. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच गादीकडे सव्वाचारशे वर्षांनी परत.

त्याआधीच धाकट्या शाखा पांगल्या होत्या. त्यातली एक वेस्टमोरलंड, मग लँकशरमधलं वॉर्टन असं करत दक्षिणेला नॉर्थॅम्प्टनला पोचली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीचा व्यापारी, शहराचा महापौर. आठव्या हेन्रीने मठ बुडवले आणि मठांच्या जमिनी विक्रीला निघाल्या, तेव्हा लॉरेन्सने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची जहागीर ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला घेतली. शिलिंग-पेन्ससकट भाव टिकून आहे म्हणजे कारकून पक्का होता.

आता माझं आवडतं पात्र. या लॉरेन्सच्या वंशात आणखी एक लॉरेन्स, ऑक्सफर्डला शिकलेला, पुढे एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री. राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं, हा राजाच्या बाजूचा. १६४३ मध्ये पार्लमेंटवाल्यांनी त्याला चर्चमधून हाकललं. आरोप काय, तर हा गुत्त्यात पडीक असतो, रोज पितो आणि दुसऱ्यांनाही पाजतो. त्याला ओळखणाऱ्या एकाने मात्र लिहून ठेवलंय की गृहस्थ अगदी सभ्य आणि शुद्धीतला होता. यादवीत कुणाला खुर्चीवरून उठवायचं असलं की बाटली शोधली जातेच, त्यामुळे मी पाद्रीबाबांच्या बाजूने. नंतर एका दरिद्री चर्चवर कशीबशी गुजराण करून १६५३ मध्ये तो वारला.

घर असं बसल्यावर मुलाने, जॉनने, समुद्र धरला. व्हर्जिनियातून तंबाखू आणणाऱ्या 'सी हॉर्स ऑफ लंडन' या जहाजावर नोकरी. १६५७ च्या सुरुवातीला माल भरून परत निघताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. दुरुस्तीच्या काळात जॉनची तिथल्या एका जमीनदाराशी ओळख झाली, मग त्याच्या मुलीशी लग्न, आणि पठ्ठ्या तिथेच राहिला. हा जॉन जॉर्जचा पणजोबा.

शंकाखोर

म्हणजे ज्या नदीत जहाज रुतलं तिच्याच काठावर पुढे राजधानी वसली. सिनेमात दाखवलं तर लेखकाला नावं ठेवू.

आणखी एक. अमेरिकेच्या झेंड्यावरचे तारे-पट्टे या घराण्याच्या ढालीवरून घेतले असं कुठेतरी वाचलंय. खरं की फॉरवर्ड?

उत्तरवारा

अर्धं. घराण्याचं कुलचिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन तांबडे आडवे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे. सेल्बीच्या मठात चौदाव्या शतकातल्या काचेत हे दिसतं. वॉशिंग्टन शहराचा, म्हणजे डी. सी.चा, जो झेंडा १९३८ मध्ये ठरला तो हुबेहूब हाच. लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला मिळणाऱ्या पर्पल हार्ट पदकावरही हीच ढाल आहे. देशाच्या झेंड्याबद्दल मात्र पुरावा नाही. तारे-पट्टे दिसले की लोक जोडून टाकतात. सेल्बीचे गाइड तर नक्कीच जोडतात, त्यांचंही पोट आहे.

माळावरची

अवांतर: जॉर्जच्या वाडीचं, माउंट व्हर्ननचं काय? ते तरी अमेरिकन नाव आहे का?

खडकवासला_२

तेही नाही. जॉर्जचा थोरला सावत्र भाऊ (तोही लॉरेन्सच, या घराला नावं सुचत नसत) ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल व्हर्ननच्या हाताखाली लढला होता, त्याने साहेबाचं नाव वाडीला दिलं. आणि व्हर्नन हे फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं सेन नदीकाठचं शहर. नॉर्मन लोकांबरोबर ते नाव आडनाव होऊन इंग्लंडात आलं आणि ॲडमिरलमार्फत पोटोमॅकच्या टेकडीवर चढलं.

अटलांटाकर

उशिरा येतोय, पण या नावाची खरी गोष्ट अजून कुणी काढलीच नाही.

मी इथे १५-२० वर्षं आहे. ऑफिसात, मुलांच्या शाळेत, दवाखान्यात वॉशिंग्टन आडनावाची जी जी माणसं भेटली ती सगळी कृष्णवर्णीय. आणि हा माझ्यापुरता योगायोग नाही. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक होते आणि त्यातले ९० टक्के कृष्णवर्णीय होते. सर्रास आढळणाऱ्या आडनावांत एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच नावाचं नाही. म्हणजे तुमच्या विल्यमने ४ पौंड साऱ्यावर घेतलेलं नाव आज ज्यांच्या घरात नांदतंय त्यांचे पूर्वज डरहॅमचे नव्हेत, पश्चिम आफ्रिकेचे.

जॉर्जला स्वतःचं मूल नव्हतं. वयाच्या अकराव्या वर्षी, १७४३ मध्ये, वडील गेले तेव्हा वारसा म्हणून त्याच्याकडे १० गुलाम आले. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्याच्या मालकीचे, त्यांना मृत्युपत्रात मुक्ती. बाकीचे बहुतेक बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे, त्यांना सोडायचा कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे ते तसेच. नवरा एका यादीत, बायको दुसऱ्या यादीत अशी लग्नं होती. मुक्तीच्या कागदाने घरं मधोमध तुटली.

शंकाखोर

म्हणजे मुक्त झाल्यावर मालकाचं आडनाव लागलं, असंच ना? त्यात 'खरी गोष्ट' ती काय?

अटलांटाकर

तसं असतं तर देशभर दीड लाख झाले नसते, त्याच्याकडे माणसं होतीच किती! गुलामांची आडनावं मालकाच्या वहीत लिहिली जात नसत, आपापसात मात्र अनेकांची असत. काहींनी जुन्या मालकाचं नाव ठेवलं, पुष्कळांनी मुद्दाम नाही ठेवलं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली. त्यानंतर शाळेत, मतदारयादीत, लष्कराच्या पेन्शनच्या अर्जात आडनाव सांगायची वेळ आली तेव्हा लाखो माणसांनी ते स्वतः सांगितलं.

दोन माणसं सांगतो. पहिला बुकर. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म, युद्धानंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या मिठाच्या भट्टीवर काम, आणि मग शाळा. त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की मास्तर हजेरी घ्यायला लागले तेव्हा प्रत्येक पोराला दोन-दोन, काहींना तर तीन नावं आहेत हे त्याच्या ध्यानात आलं. आपल्याकडे एकच. आपला नंबर येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं आणि मास्तरांनी विचारल्यावर थंडपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. जसं काही जन्मापासून तेच होतं. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, तिथून ते सुचलं असावं. पुढे १८८१ मध्ये टस्कीगीची कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था उभी करणारा तो हाच बुकर टी. वॉशिंग्टन.

दुसरा हॅरी. हा खरोखरच जॉर्जचा गुलाम, आफ्रिकेत गँबिया नदीच्या भागात जन्मलेला, माउंट व्हर्ननवर घोड्यांकडे कामाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांनी जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्याकडे आले तर मोकळे. १७७६ मध्ये हॅरी मालकाला सोडून इंग्रजांकडे पळाला. मालक स्वातंत्र्यासाठी लढतोय आणि गुलाम स्वातंत्र्यासाठी मालकाच्या शत्रूकडे. १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या जहाजाच्या यादीत त्याची नोंद आहे: हॅरी वॉशिंग्टन. तिथून कॅनडातलं नोव्हा स्कोशिया. थंडी, नापीक जमीन, फसलेली आश्वासनं. १७९२ मध्ये तिथून सिएरा लिओन. तिथे चालवणाऱ्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला, १८०० मध्ये वसाहतवाल्यांनी बंड केलं, त्यात हा होता. शिक्षा म्हणून हद्दपार.

जॉर्जने साऱ्यावरून राजाविरुद्ध बंड केलं, हॅरीने साऱ्यावरून कंपनीविरुद्ध. माझ्या मते वॉशिंग्टन नावाला शोभेल असं जगणं हॅरीचंच.

पंतोजी

हॅरी माहीत नव्हता. वाचनखूण साठवली.

आपल्याकडेही नाव असं निवडून घेतलेलं सापडतं. दीनानाथांचं घराणं हर्डीकर, मंगेशीच्या देवळात अभिषेकाचं काम. त्यांनी नाव घेतलं ते गावावरून, मंगेशकर. आज मंगेशी हे गाव कित्येकांना त्या आडनावामुळे माहीत आहे. अर्थात हजेरीच्या वेळी नाव नसणं आणि असलेलं नाव बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मान्य करूनच लिहितोय.

खडकवासला_२

आणि आपला वॉशिंग्टन सुंदर? तो कुठल्या यादीत?

माळावरची

तो तर तिसराच प्रकार. त्याच्या वडिलांना लहानपणी शेजारच्या एका निवृत्त लष्करी माणसाने शाळेची फी, बॅट वगैरे देऊन क्रिकेटला लावलं. त्या गृहस्थांचं नाव वॉशिंग्टन. त्यांची आठवण म्हणून मुलाचं नाव. चेन्नईचा वॉशिंग्टन आणि पालघरचा शार्दूल ठाकूर यांनी जानेवारी २०२१ मध्ये गॅबावर सातव्या विकेटला १२३ ठोकल्या तेव्हा डरहॅमच्या बिशपला उचकी लागली असेल.

शंकाखोर

शेवटची शंका, मग थांबतो. पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे न्यूकॅसलला जायचंय. हे मूळ गाव बघण्यासारखं आहे का? विल्यमचा वाडा वगैरे?

उत्तरवारा

या की! अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण 'विल्यमचा वाडा' डोक्यात घेऊन येऊ नका. ओल्ड हॉल म्हणून जी दगडी इमारत उभी आहे ती बरीचशी सतराव्या शतकातली, म्हणजे घराणं निघून गेल्यानंतरची. जुन्या वास्तूचे काही दगड, काही कमानी आत आहेत. एकोणिसाव्या शतकात या भागात कोळशाच्या खाणी जोरात होत्या, तेव्हा याच इमारतीची खोल्याखोल्यांत वाटणी करून चाळ केली होती, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. १९३० च्या दशकात राहायला नालायक ठरवून पाडायला काढली, ती एका शाळामास्तराने पाठपुरावा करून वाचवली. १९५५ मध्ये दुरुस्त होऊन उघडली, आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. एका खोलीत चाळीच्या दिवसांतलं बिऱ्हाड मांडून ठेवलंय, मला सरदारी दिवाणखान्यापेक्षा ती खोली जास्त आवडते.

४ जुलैच्या सुमारास आलात तर अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन इंग्लंडच्या खेड्यात साजरा होताना दिसेल. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर येऊन गेले, गावात झाड लावून गेले. आणि न्यूकॅसलच्या सभेत त्यांनी इथल्या बोलीतली फुटबॉलची आरोळी ठोकली, त्याची कौतुकं म्हातारे लोक अजून सांगतात.

जुनं गाव एवढंसंच आहे. भोवताली १९६४ नंतर सरकारने वसवलेलं नवं शहर, त्याच्या वस्त्यांना सुरुवातीला नावंही दिली नव्हती, नुसते नंबर. पाट्यांवर 'डिस्ट्रिक्ट ४', 'डिस्ट्रिक्ट ७'. आडनावांचा जो धागा इथवर आला, त्याच्या मूळ गावात ही तऱ्हा.

एक व्यवहाराची गोष्ट: जावईबापू गाडी चालवणार असतील तर रस्ता शोधताना पूर्ण पत्ता टाका. दक्षिणेला ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे. काही वॉशिंग्टन घराणी तिथलीही असणार. पण ते इथून पाचशे किलोमीटरच्या वर पडतं.